मूठभर बदाम आणि वजनाचा हिशेब

अक्रोड हृदयाला चांगले असतात हे ऐकून आपण अक्रोड आणतो, आणि पाकिटाच्या मागचा तक्ता वाचला की दचकतो, कारण १०० ग्रॅममध्ये सुमारे ६५० कॅलरी असल्याचे तिथे छापलेले असते. मग काही जण पाकीट बंद करून ठेवतात, तर काही जण ‘पौष्टिकच आहे ना’ असे म्हणून येता-जाता मूठ भरत राहतात. माझ्या मते दोघांचेही चुकते, आणि चुकण्याचे कारण एकच आहे. पदार्थ पौष्टिक आहे की नाही हा एक प्रश्न आणि त्यात ऊर्जा किती दाटीने भरलेली आहे हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे स्वतंत्रपणे शोधावी लागतात. पौष्टिकपणा कॅलरी पुसून टाकत नाही आणि कॅलरी जास्त आहेत म्हणून पदार्थ वाईट ठरत नाही. (बोलताना आपण ज्याला ‘कॅलरी’ म्हणतो ती शास्त्राच्या भाषेत किलोकॅलरी असते. या लेखात रूढ अर्थच घेतला आहे.)

पदार्थाच्या एका ग्रॅममध्ये किती कॅलरी आहेत, याला ऊर्जाघनता म्हणतात. ती प्रामुख्याने दोन गोष्टींवरून ठरते. पहिली गोष्ट म्हणजे स्निग्धांश. प्रथिने आणि कर्बोदके यांच्या एका ग्रॅममधून साधारण ४ कॅलरी मिळतात, तर चरबीच्या एका ग्रॅममधून ९, म्हणजे दुपटीहून अधिक. दुसरी गोष्ट पाणी, ज्याला वजन आहे, आकारमान आहे, पण कॅलरी शून्य. या पाण्याचा परिणाम किती मोठा असतो हे पाहायचे असेल तर द्राक्षे आणि मनुके यांची तुलना करावी. १०० ग्रॅम द्राक्षांत सुमारे ७० कॅलरी असतात आणि १०० ग्रॅम मनुक्यांत सुमारे ३००. फळ तेच आणि साखरही तीच, फक्त पाणी उडून गेले. काकडी १०० ग्रॅमला १५ कॅलरींच्या आसपास असते, बदाम ५८० च्या आसपास आणि तेल जवळपास ८८५. ॲव्होकाडोची ‘चरबीचे फळ’ अशी ख्याती असली तरी तो १६० वरच थांबतो, कारण त्याचा ७० टक्क्यांहून अधिक भाग पाणीच असतो.

ऊर्जाघनतेला इतके महत्त्व का द्यायचे, तर आपल्या पोटाला कॅलरी थेट मोजता येत नाहीत. जठर किती ताणले गेले, अन्न किती वेळ चावले, आतड्यात काय पोहोचले, यावरून मेंदू तृप्तीचा अंदाज बांधतो, आणि या अंदाजात अन्नाच्या वजनाचा व आकारमानाचा वाटा मोठा असतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील आहारशास्त्रज्ञ बार्बरा रोल्स यांनी या विषयावर अनेक वर्षे प्रयोग केले. त्यांचा एक ठळक निष्कर्ष असा की माणसे दिवसभरात खाल्लेल्या अन्नाचे वजन बऱ्याच अंशी स्थिर ठेवतात, त्यातील ऊर्जा नव्हे. त्यामुळे ताटातील पदार्थ नकळत अधिक दाट झाले, तर खाणाऱ्याला जास्त खाल्ल्यासारखे न वाटताही त्याच्या पोटात जास्त कॅलरी जातात.

एवढे वाचल्यावर सुका मेवा (या लेखात याचा अर्थ बदाम, अक्रोड यांसारखी कवचफळे, मनुके-खजूर नव्हेत) खाणाऱ्यांचे वजन वाढत असणार, असाच निष्कर्ष कोणीही काढेल. प्रत्यक्षात उलटेच दिसते, आणि या विषयाची खरी गंमत तिथेच आहे.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १ लाख २० हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांच्या आहारातील बदल आणि वजनातील बदल दर चार वर्षांच्या टप्प्यांनी तपासले होते. बटाट्याचे चिप्स आणि गोड पेये यांचे प्रमाण वाढवणाऱ्यांचे वजन वाढलेले आढळले, तर सुका मेवा आणि दही यांचे प्रमाण वाढवणाऱ्यांचे वजन तुलनेने घटलेले आढळले. अशा निरीक्षणात्मक अभ्यासांवर एक रास्त आक्षेप घेतला जातो, तो म्हणजे सुका मेवा खाणारी माणसे एकूणच तब्येतीची काळजी घेणारी असू शकतात. म्हणून स्पेनमध्ये झालेला ‘प्रेडिमेड’ हा प्रयोग अधिक महत्त्वाचा ठरतो. त्यात सुमारे ७,४०० जणांची तीन गटांत विभागणी केली होती. एका गटाला भूमध्यसागरी आहाराबरोबर भरपूर ऑलिव्ह तेल मिळाले, दुसऱ्याला त्याच आहाराबरोबर रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम व हेझलनट, आणि तिसऱ्याला कमी स्निग्ध खाण्याचा सल्ला. पहिल्या दोन गटांना कॅलरी मोजण्याचे किंवा कमी खाण्याचे कोणतेही बंधन नव्हते. जवळपास पाच वर्षांनंतरही तेल आणि सुका मेवा मिळालेल्या गटांचे वजन वाढलेले नव्हते. या प्रयोगातील काही जणांची गटविभागणी काटेकोर पद्धतीने झाली नव्हती हे पुढे उघड झाले, त्यामुळे मूळ शोधनिबंध मागे घेऊन २०१८ मध्ये दुरुस्त विश्लेषणासह पुन्हा प्रसिद्ध करावा लागला. मुख्य निष्कर्ष मात्र टिकले.

हे कसे घडते, याचे पहिले उत्तर पाकिटावरच्या आकड्यातच दडलेले आहे. ४, ४ आणि ९ हे आकडे विल्बर ॲटवॉटर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या मोजमापांतून आले. अन्न जाळून त्यातील एकूण उष्णता मोजायची आणि शरीराबाहेर न वापरता पडणारा भाग वजा करायचा, अशी त्याची पद्धत होती. मिश्र आहारासाठी तो हिशेब आजही चांगलाच जुळतो. परंतु बदामासारख्या पदार्थात चरबी मोकळी नसते, ती सूक्ष्म पेशींच्या आत बंदिस्त असते, आणि त्या पेशींच्या भिंती ज्या तंतूंच्या बनलेल्या असतात ते आपल्या पाचकरसांना तोडता येत नाहीत. आपण कितीही चावले तरी पुष्कळ पेशी न फुटताच पुढे सरकतात आणि त्यांच्यातील तेल शोषले न जाता बाहेर पडते.

अमेरिकेच्या कृषी खात्यातील शास्त्रज्ञांनी माणसांना ठरावीक प्रमाणात बदाम खाऊ घालून हे प्रत्यक्ष मोजले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोजणीनुसार २८ ग्रॅम बदामांतून शरीराला सुमारे १२९ कॅलरी मिळतात, जेव्हा नेहमीच्या सूत्राने हिशेब १७० च्या आसपास जातो. अक्रोडांच्या बाबतीतही अशीच मोठी तूट आढळली, काजूंत थोडी कमी आणि पिस्त्यांत अगदीच किरकोळ. त्याहून उद्बोधक प्रयोग २०१६ मध्ये झाला. त्यात एकाच बदामाची वेगवेगळी रूपे तपासली होती. कच्च्या अख्ख्या बदामाच्या एका ग्रॅममधून सुमारे ४.४ कॅलरी मिळाल्या, भाजलेल्या अख्ख्या बदामातून ४.९, भाजून तुकडे केलेल्यातून ५ आणि बदामाच्या लोण्यासारख्या मऊ वाटणातून ६.५. म्हणजे जे काम दातांना पूर्णपणे जमत नाही ते यंत्राच्या पात्याने आधीच उरकले, की पेशींच्या भिंती फुटतात आणि तेल मोकळे होते. ‘बदाम खाल्ले’ या दोन शब्दांत किती वेगवेगळ्या गोष्टी सामावू शकतात, हे यावरून लक्षात यावे.

तरीही या सवलतीचा फार गाजावाजा करू नये. एका ग्रॅमला ४.४ कॅलरी म्हणजे सुद्धा पावाच्या दीडपटीहून अधिक दाट अन्न. आणि तेलाला ही सवलत मुळीच लागू होत नाही. तेल कोणत्याही बीचे वा फळाचे असो, ते पेशींबाहेर काढलेलेच असते, त्याला चावावे लागत नाही आणि त्यात तंतूही नसतात. चीजमध्ये प्रथिने भरपूर असतात, पण वनस्पतीच्या पेशीभिंती तिथेही नाहीत. म्हणून ‘चांगली चरबी’ या एकाच पाटीखाली अख्खे अक्रोड आणि अक्रोडाचे तेल शेजारी ठेवणे मला पटत नाही.

दुसरे उत्तर भुकेचे आहे. चरबी, प्रथिने आणि तंतू एकत्र असलेला, कडक आणि चावायला वेळ लागणारा पदार्थ खाल्ल्यावर पुढच्या जेवणात माणूस आपोआप थोडे कमी खातो. चरबी लहान आतड्यात पोहोचली की तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक स्रवते, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते आणि मेंदूला तृप्तीचा निरोप पोहोचवते. ही भरपाई क्वचितच शंभर टक्के होते, आणि पेयांच्या बाबतीत तर ती फारच दुबळी ठरते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण बोलक्या प्रयोगात काही जणांना रोज ४५० कॅलरी जादा देण्यात आल्या, चार आठवडे घट्ट जेलीच्या गोळ्यांच्या रूपात आणि चार आठवडे गोड पेयाच्या रूपात. गोळ्या खाताना त्यांनी इतर अन्न तेवढ्या प्रमाणात कमी केले. पेय पिताना मात्र काहीच कमी केले नाही आणि वजन वाढले. दोन्हींत साखर होती. फरक घन आणि द्रव एवढाच होता.

पौष्टिक म्हणून मिक्सरमध्ये घुसळलेल्या पेयांकडे या नजरेने पाहावे. एक केळे, तीन मोठे खजूर, दोन मोठे चमचे पीनट बटर, एक चमचा चिया आणि पेलाभर सायीचे दूध, यांतील एकही घटक नाव ठेवण्यासारखा नाही, परंतु बेरीज ७०० कॅलरींच्या आसपास जाते आणि ती पाच मिनिटांत पोटात उतरते. तेच सारे ताटात मांडून चावून खायचे ठरवले, तर बहुतेक जण अर्ध्यातच थांबतील.

तिसरे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. एखादा दाट पदार्थ आहारात येतो तेव्हा तो कशाच्या तरी ‘ऐवजी’ येतो की सगळ्याच्या ‘वर’ येतो, यावर वजनाचे पुढचे सारे गणित ठरते. दुपारच्या चहाबरोबरची बिस्किटे जाऊन त्या जागी बदाम आले, तर कॅलरी जवळपास तेवढ्याच राहतात, भूक मात्र जास्त वेळ शमते. बिस्किटेही राहिली आणि ‘तब्येतीसाठी’ म्हणून बदामही आले, तर रोज दीडशे ते दोनशे कॅलरींची भर पडते. आहारासंबंधीचे सल्ले बहुधा ‘अमुक खा’ असे एकेरी असतात. त्यासाठी काय कमी करायचे ते त्यांत सांगितलेले नसते, आणि तिथेच घोळ होतो.

ही भर कितपत भोवते हेही नीट समजून घ्यायला हवे. १९५८ साली मॅक्स विश्नोफ्स्की या अमेरिकन डॉक्टराने एक ठोकताळा मांडला होता, ज्यानुसार एक किलो वजन म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. त्या हिशेबाने रोजच्या १८० जादा कॅलरींनी वर्षाला साडेआठ किलो वजन वाढायला हवे आणि ते दर वर्षी तसेच वाढत राहायला हवे. तसे होत नाही, कारण वजन वाढले की ते सांभाळायला आणि हलवायला शरीराला अधिक ऊर्जा लागते आणि कधी तरी नवा समतोल साधला जातो. अमेरिकेतील संशोधक केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या गणिती प्रतिकृतीनुसार सरासरी प्रौढ माणसाच्या बाबतीत रोजच्या दर २४ कॅलरींच्या कायमस्वरूपी वाढीमागे वजन शेवटी सुमारे एक किलोने वाढते. त्यातील निम्मी वाढ पहिल्या वर्षभरात होते आणि जवळपास सगळी तीन वर्षांत. हा आकडा दिलासा देणारा आहे आणि सावध करणाराही. दिलासा यासाठी की सणासुदीचे एखाद-दुसरे जड जेवण वजन ठरवत नाही. सावध यासाठी की रोज अर्धा चमचा तेल किंवा आठ-दहा बदाम, म्हणजे ज्यांची दखलही घेतली जात नाही अशा पन्नास-साठ कॅलरी, भरपाई न झाल्यास दोन-अडीच किलोंपर्यंत नेऊ शकतात.

म्हणूनच अशा पदार्थांच्या बाबतीत नुसत्या नजरेच्या अंदाजावर विसंबणे महागात पडते. काकडीचा अंदाज ५० ग्रॅमने चुकला तर सात-आठ कॅलरींचा फरक पडेल, आणि तेवढ्याच चुकीने अक्रोडांत सव्वातीनशेचा. ‘मूठभर’ हे माप तर फारच लवचिक आहे, कारण मूठ ज्याची त्याची वेगळी आणि भुकेच्या वेळी ती आणखी मोठी होते. २८ ग्रॅम बदाम म्हणजे साधारण २३ दाणे. तेलाचा १५ मिलिलिटरचा एक सपाट मोठा चमचा म्हणजे जवळपास १२० कॅलरी, आणि बाटलीतून थेट धार धरली तर असे दोन-तीन चमचे सहज पडतात. आयुष्यभर तराजू घेऊन बसावे असे मी मुळीच सुचवणार नाही, पण आठवडाभर स्वयंपाकघरातील लहान काट्यावर हे तीन-चार पदार्थ वजन करून घेतले, की आपल्या वाटीत, आपल्या चमच्यात किती मावते ते नजरेत बसते आणि मग काटा कपाटात गेला तरी चालतो. पाकिटातून थेट न खाता वाटीत काढून घेणे आणि पाकीट जागेवर ठेवून देणे, ही साधी सवयही तितकीच उपयोगी आहे.

कवचासह मिळणारे पदार्थ कवचासह घेतल्याचाही फायदा होतो. अमेरिकेतील एका विद्यापीठात विद्यार्थ्यांना कधी कवचासह तर कधी सोललेले पिस्ते दिले असता, कवचासह खाणाऱ्यांच्या पोटात सरासरी १२५ कॅलरी गेल्या आणि सोललेले खाणाऱ्यांच्या पोटात २११, आणि दोन्ही वेळचे समाधान मात्र सारखेच नोंदवले गेले. सोलण्यात वेळ जातो आणि समोर साचलेली टरफले किती खाल्ले याची मूकपणे आठवण देत राहतात.

दाट पदार्थ पाणीदार पदार्थांच्या सोबतीने खाण्याचा मार्ग मला सर्वांत सुखाचा वाटतो, कारण त्यात काहीही सोडावे लागत नाही. ३०० ग्रॅम कच्च्या भाज्या सुमारे ७५ कॅलरींच्या, त्यावर एक मोठा चमचा तेल आणि २० ग्रॅम अक्रोडाचे तुकडे, अशी भरलेली थाळी सव्वातीनशे कॅलरींच्या आसपास जाते, म्हणजे ग्रॅमला जेमतेम एक कॅलरी. हेच अक्रोड आणि तेवढेच तेल इथे चव, कुरकुरीतपणा आणि तृप्ती देतात, आणि शिवाय एक काम करतात. ए, डी, ई आणि के ही जीवनसत्त्वे तसेच गाजर-टोमॅटोमधील कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये स्निग्धात विरघळणारी आहेत. सोबत थोडी चरबी नसेल तर ती नीट शोषली जात नाहीत, त्यामुळे अजिबात तेल नसलेली कोशिंबीर ही दिसते तितकी शहाणपणाची निवड नव्हे.

ओट्सचे उदाहरणही याच प्रकारात मोडते. पाण्यात शिजवलेल्या ओट्सच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ७० कॅलरी असतात, आणि तेच ओट्स तेल व मध लावून भट्टीत कोरडे केले, ग्रॅनोला म्हणून डब्यात भरले, की साडेचारशेच्या पुढे जातात. ग्रॅनोला वाईट नाही. मात्र तो वाटीभर खाण्याचा पदार्थ नसून दह्यावर किंवा फळांवर भुरभुरवण्याचा आहे. मनुके, खजूर, सुके अंजीर यांनाही हेच लागू पडते. ताज्या फळाइतक्याच सढळ हाताने ते घेतले तर तिप्पट-चौपट साखर पोटात जाते.

हे सारे करून परिणाम कसा तपासायचा, याबद्दल थोडे. रोजचे वजन पाहून निष्कर्ष काढू नये, कारण मीठ, पाणी आणि शरीरातील ग्लायकोजेनचा (म्हणजे साठवून ठेवलेल्या कर्बोदकांचा) साठा यांमुळे ते एका दिवसात किलोभर इकडे-तिकडे होऊ शकते. ग्लायकोजेनच्या दर ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठवले जाते, त्यामुळे आदल्या रात्री कर्बोदके जास्त खाल्ली तर सकाळी काटा वर सरकतोच. आठवड्याची सरासरी काढून ती चार-सहा आठवडे पाहिली, तर भर ‘वर’ पडते आहे की ‘ऐवजी’, हे स्पष्ट होते. ज्यांना कवचफळांची ॲलर्जी आहे किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काहीही अमलात आणू नये. उलट भूक मंदावलेली वृद्ध माणसे, आजारातून उठलेले रुग्ण, दिवसाला कित्येक तास मेहनत करणारे खेळाडू यांच्यासाठी हीच दाटी वरदान ठरते, कारण त्यांना थोड्या घासांत पुष्कळ ऊर्जा हवी असते.

राहिला प्रश्न आस्वादाचा. एखाद्या चवीचा आनंद पहिल्या काही घासांत सर्वाधिक असतो आणि त्यानंतर त्याच चवीपुरता तो उतरत जातो, हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या प्रयोगांत दिसून आले होते, आणि त्या प्रयोगांतही बार्बरा रोल्स यांचा सहभाग होता. डार्क चॉकलेटच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ६०० कॅलरी असतात, तेव्हा २० ग्रॅमचा तुकडा १२० कॅलरींचा होतो. कोकोची चरबी ३४ अंश सेल्सियसच्या आसपास, म्हणजे शरीराच्या तापमानाहून जरा खाली वितळते, त्यामुळे तो तुकडा चावण्याची गरजच नसते. जेवणानंतर, पोट भरलेले असताना, जिभेवर ठेवून तो आपणहून विरघळू दिला, तर दोन तुकडे खायला तीन-चार मिनिटे सहज लागतात, आणि तिसऱ्यासाठी हात पुढे होण्याआधी पहिल्याची चव अजून तोंडात असते.